आजोबा, रायफल आणि एकोणीस पुंगळ्या

रिकामं काडतूस पुन्हा घडवता येतं? अमेरिकेतला दादा म्हणाला, हो. भारतातला कायदा म्हणाला, जरा थांबा. आणि मधल्या मधे मला घरातल्या एका डब्याचा निकाल लावायचा होता...

पनवेलच्या घरातलं कपाट आवरताना बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा हाती लागला. म्हटलं, आजीच्या सुया-दोरे असणार. (बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं कुणाच्या घरी असतात?) झाकण उघडलं, तर आत पितळेच्या एकोणीस रिकाम्या पुंगळ्या! प्रत्येकीच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरं.

आजोबांची .३१५ बोअरची रायफल होती. कर्नाळ्याच्या बाजूला आमची थोडी शेती, तिथे रानडुकरांचा त्रास, म्हणून पीक संरक्षणाचं लायसन्स. रायफलीने डुक्कर मेल्याचं कुणाला आठवत नाही. हवेत बार काढून पळवून लावणं एवढंच तिचं काम. या वर्षी आजोबा गेले. बाबांनी लगेच रायफल परवानाधारक डीलरकडे जमा केली आणि मला म्हणाले, “लायसन्ससाठी अर्ज करायचा की कायमची सोडून द्यायची, तू ठरव.”

ईएमआय, डेडलाइन आणि लोकलची गर्दी सांभाळणाऱ्या मुलीने रायफलीचं काय करायचं? मी थेट टेक्सासला आतेभावाला व्हिडिओ कॉल लावला. आजोबांचा सगळ्यात लाडका नातू तो. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो.

टेक्सासच्या गॅरेजमध्ये

दादा दिवसा सॉफ्टवेअरवाला, पण वीकेण्डला गॅरेजमध्ये काडतुसं भरतो. हॅण्डलोडिंग म्हणतात त्याला. तिकडे स्वतःच्या वापरापुरतं हे कायदेशीर आहे. काडतुसाचे भाग चार: पुढे गोळी, आत दारू, बुडात ठिणगी पाडणारा प्रायमर आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी पितळी पुंगळी. बार उडाला की पहिले तीन संपतात. पुंगळी मात्र उरते, आणि खर्चाचा मोठा वाटा तिचाच. म्हणून शौकीन लोक ती जपून ठेवतात.

त्यातले जास्तच खटपटे ‘वाइल्डकॅट’च्या नादाला लागतात. म्हणजे कुठलीच कंपनी बनवत नाही असं काडतूस दुसऱ्या पुंगळीपासून स्वतः घडवायचं. अमेरिकन लष्कराच्या १९०६च्या .३०-०६ काडतुसाची मान आवळून हौशी मंडळींनी .२५ ची केली. कितीतरी वर्षं हा घरगुती उद्योग चालला, आणि १९६९मध्ये रेमिंग्टन कंपनीने तेच काडतूस .२५-०६ या नावाने बाजारात आणलं.

“पण आजोबांचं .३१५ इकडे दुकानात सहज मिळत नाही,” दादा म्हणाला. “ते वाइल्डकॅट नाही, जुनं ऑस्ट्रियन काडतूस आहे. आठ मिलीमीटर मॅनलिकर, पुंगळीची लांबी पन्नास. रशियन ५४ मिलीमीटरच्या पुंगळीपासून बनवता येतं. थांब, दाखवतोच!”

तांबट आळीचा फंडा

त्याने पुंगळी अर्धी पाण्यात उभी केली आणि वरच्या मानेवर गॅसची ज्योत धरली. मला पुण्याची तांबट आळी आठवली. तिथे भांडं ठोकता ठोकता मध्येच भट्टीत तापवतात, कारण ठोकून ठोकून धातू कडक होतो आणि मग तडकतो. तापवला की पुन्हा नरम. पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. त्यालाही हाच नियम.

“पण मग पाणी कशाला?”

“अगं, नरम फक्त मान करायची. बुड कडकच राहायला हवं. बुड नरम पडलं तर बार उडताना फाटेल आणि गरम वायू सरळ माझ्या तोंडावर!”

मग पुंगळीला वंगण लावून, लिंबू पिळायच्या यंत्राच्या दणकट थोरल्या भावासारख्या दिसणाऱ्या प्रेसमध्ये ती चढली. आधी मान जराशी रुंद, मग पोलादी साच्यात दाबून खांदा आणि अंग नव्या मापाचं, शेवटी लांबी कापून पन्नासवर. हे सगळं हळूहळू करायचं. घाई केली की मान फाटते नाहीतर खांद्यावर सुरकुती पडते. दादाने दोन पुंगळ्या वाया घालवल्या. तिसरी जमली.

मान बदलणारा कायदा

पण आजोबांकडे ऑस्ट्रियन काडतूस आलं कसं? त्याचं उत्तर इंग्रजांच्या भीतीत आहे. लष्कराची मापं सामान्य माणसाच्या हाती नकोत, हे त्यांचं धोरण. त्यामुळे .३०३ बंद. म्हणून नागरिकांसाठी .३१५. पुढे इशापूरच्या सरकारी कारखान्यात .३०३ लष्करी रायफलीच्या ली-एनफिल्ड यंत्रणेवरच .३१५ ची रायफल बनू लागली. काडतुसांवरचा ‘के एफ’ म्हणजे आपली खडकी, इंग्रजी स्पेलिंगात ‘किर्की’. तिथला दारूगोळा कारखाना १८६९चा.

याहून भारी किस्सा १९०७च्या सुमाराचा. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफली बंडखोरांच्या हाती होत्या आणि त्यांचं माप .४५०. सरकारने भारत आणि सुदानमध्ये .४५० च्या काडतुसांवर बंदी आणली. पंचाईत झाली शिकारी साहेब लोकांची! मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी काय करावं? .५०० ची पुंगळी घेतली आणि तिची मान आवळून .४६५ आणि .४७० ची काडतुसं काढली. जेमतेम अर्ध्या मिलीमीटरचा फरक, पण कायदा पाळला गेला!

आपल्या पावसानेही पितळेला धडा शिकवला. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली की माना आपोआप तडकायच्या. इंग्रजीत त्या रोगाचं नावच ‘सीझन क्रॅकिंग’ पडलं. १९२१मध्ये शास्त्रज्ञांनी कारण उलगडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि मान आवळताना पितळेत राहून गेलेला ताण. उपाय? मान तापवून ताण काढायचा. दादाच्या ज्योतीचं हे दुसरं काम.

शेवटचं माप

मी विचारलं, “मग तुझी पुंगळी तयार?”

“नाही,” तो म्हणाला. “साचा फक्त जवळपासचा आकार देतो. बार उडाला की पितळ फुगून रायफलीच्या आतल्या पोकळीला चिकटतं आणि हुबेहूब तिचा आकार घेतं. ते करायला आजोबांची रायफल लागेल.”

दोघंही जरा वेळ गप्प बसलो. माझ्या हातातल्या एकोणीस पुंगळ्या त्याच रायफलीच्या मापाच्या होत्या. दुसऱ्या कुठल्याच नाही.

“एक तरी ठेव,” तो म्हणाला.

मी शस्त्र कायदा, १९५९ उघडला. ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग येतात आणि तो बनवायची यंत्रंही. म्हणजे दादाचा प्रेस मी पनवेलच्या गच्चीवर लावणं सोडाच, डबाही ‘आठवण’ म्हणून खपण्यासारखा नव्हता. दादा हिरमुसला. खरं सांगू? मीही.

लायसन्ससाठी अर्ज मी करणार नाही. पळवायला माझ्याकडे डुकरं नाहीत, आणि आठवणीसाठी घरात भरता येणारी रायफल ठेवणं मला पटलं नाही. डीलरकडे डबा दिला. त्याने पुंगळ्या दोनदा मोजल्या, एकोणीस. बाबांनी एक हातात घेतली, वास घेतला आणि परत ठेवली.

नेमबाजी मात्र सोडवत नाहीये. आपल्या पनवेलमध्येच सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. २००४मध्ये क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० मारणाऱ्या, आणि पॅरालिम्पिक सुवर्णविजेत्या अवनी लेखराच्या प्रशिक्षक त्या याच. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलीमीटरचा असतो. दारू नाही, पुंगळी नाही. नवशिक्यांच्या बॅचची चौकशी करून आलेय. दादाला सांगितलं, तर म्हणतो, “आजोबांसारखी हवेत मारू नकोस!”

घरात जुनं हत्यार असेल तर...

* लायसन्सधारक गेल्यावर हत्यार आणि काडतुसं विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा.
* वारसाला हत्यार हवं असेल तर त्याला स्वतःच्या नावावर लायसन्स घ्यावं लागतं.
* २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात.
* लायसन्सशिवाय काडतुसं भरणं हा गुन्हा आहे. गॅरेजमधले व्हिडिओ बघा, करून बघू नका!