जुनी पेटी घेताना

आमच्या भजनी मंडळासाठी आम्ही जुनी पेटी बघायला गेलो. मालक म्हणाले, "आठ हजार, रुपया कमी नाही." पॉलिश चकचकीत होतं. पण पैसे गटाचे, म्हणून आधी एकही पट्टी न दाबता भाता मारला. चारपाच झटक्यांत भाता जड व्हायला हवा. तो हलकाच चालत राहिला, म्हणजे हवा गळत होती. मग एकेक पट्टी दाबली. दोन सूर बसके, एक मुकाच!

आम्ही तिथं वाद घातला नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्ही ऐकलं असेल. तिथं पेटी दुरुस्त करणारेही आहेत. त्यांना विचारलं, तर खर्च बावीसशे निघाला. तो आकडा घेऊनच पुन्हा गेलो. पेटीला नावं मात्र ठेवली नाहीत. ती मालकांच्या वडिलांची होती, आणि माणूस दुखावला की भाव उतरत नाही. चहा झाला, सहा हजारांवर जमलं. पावती गटाच्या नावानं घेतली आणि त्याच दिवशी वहीत चढवली.