मागीलदारचा हवालदार

आमच्या कोकणातल्या घरी मागीलदारी भांडी घासायला जायचं, तर एका हातात भांडी आणि दुसऱ्या हातात सूप लागतं. पाखडायला नव्हे, ढाल म्हणून. माडाच्या आळ्यापाशी हवालदार उभा असतो. जेमतेम तीन किलोचा कोंबडा, पण आमचा सहाफुटी काका त्याला बघून पडवीत परततो.

अंगावर येण्याआधी तो काय करतो, ते मी पडवीच्या गजांमागून कितीदा तरी पाहिलंय. तो सरळ येत नाही. आधी तिरका होतो, एक पंख जमिनीकडे सोडतो आणि बारीक पावलं टाकत अर्धं रिंगण घेतो. मानेवरची पिसं छत्रीसारखी उघडतात. मग ऐन भांडणात खाली मान घालून चक्क दाणे टिपू लागतो. दाणे नसतातच. भिडावं की पळावं या पेचात सापडलेला प्राणी भलतंच काहीतरी करू लागतो, असं प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक सांगतात. गणित अडल्यावर आपण डोकं खाजवतो, त्यातलाच प्रकार. त्यानंतरची उडी मात्र खरी. दोन्ही पाय पुढे येतात आणि पायामागचे काटे लागतात. आत हाड, वर नखासारखं टणक आवरण.

एवढा राग साठतो कुठे? 1849 साली जर्मनीतल्या गटिंगेनच्या आर्नॉल्ड बेर्टहोल्ड यांनी तरण्या कोंबड्यांची वृषणं काढून पाहिली. तुरे खुरटले, बांग मंदावली, भांडणं थांबली. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवलं, ते मात्र तुरेबाज आणि भांडखोर झाले. मूळचे मज्जातंतू तर तुटलेले होते! म्हणजे हुकूम रक्तातून जात होता. ‘हार्मोन’ हा शब्द त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने, 1905 साली आला. एका विज्ञानशाखेची सुरुवात कोंबड्याच्या खोडीतून झाली, याचं मला अजून नवल वाटतं.

तेच रसायन त्याला कर्ताही करतं. किडा सापडला की स्वतः न गिळता ‘टुकटुक’ करत कोंबड्यांना बोलावणारा हाच. आभाळात घार दिसली की एक आवाज, जमिनीवरून मांजर आलं की दुसरा. कोंबड्यांना फरक कळतो. त्याच्या राज्यात प्रत्येकाची पायरी ठरलेली असते. थॉर्लेफ शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेजियन माणसाने 1921 च्या सुमारास ही उतरंड मांडली. पहाटेची पहिली बांगही वरच्या पायरीवरचा कोंबडा देतो, बाकीचे आपापल्या क्रमाने, असं 2015 साली जपानी संशोधकांना आढळलं. माणसांच्या हातांवर वाढलेल्या पिल्लाला माणसाची भीती उरत नाही. वयात आल्यावर तो तुम्हालाही याच उतरंडीत बसवू बघतो. तुम्ही मागे सरलात, तर तो जिंकला. लाथ मारलीत, तर भांडण मान्य केलंत.

म्हणून आजी दोन्ही करत नाही. सूप पुढे धरून जागची हलत नाही, तो दमून बाजूला झाला की मगच चालू लागते. फारच झालं तर वरून डालगं. कोंबडं झाकल्याने उजाडायचं राहत नसेल, पण अंधारात तो निमूट होतो खरा. त्याला उचलायचं तर रात्रीच, दांडीवर बसलेला असताना. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या हव्यात. दोन कोंबडे आणि चार कोंबड्या म्हणजे रोजची मारामारी. लहान मुलांना मात्र एकटं सोडू नका, काटा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. जखम झालीच तर ती साबणाने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. आणि स्वभाव काही अंशी रक्तातून उतरतो, तेव्हा अशा कोंबड्याच्या कळपातली अंडी खुडूक कोंबडीखाली न ठेवलेली बरी.

आमचा हवालदार काही सुधारला नाही. रविवारच्या वड्यांसोबत त्याचा निकाल लावावा, तर तो राखणदार देवाला बोललेला आहे आणि राखणीला अजून चार महिने आहेत. सूप मागच्या दाराआडच टांगलेलं असतं.