गोगलगायीच्या पोटातले पाय

मावळात भातलावणी उरकत आली की बांधांवर आणि लोणावळ्यातल्या शेवाळलेल्या भिंतींवर गोगलगायी दिसू लागतात. मग कुणीतरी म्हणतंच, ‘गोगलगाय अन् पोटात पाय!’ वरून गरीब, आतून बेरकी अशा माणसाला लावायची ही म्हण. माणसाला ती चपखल बसते. गोगलगायीवरचा आळ मात्र तपासायला हवा.

तिचे पाय पोटात लपलेले असतात, हा समज पहिला. पाय एकच आहे आणि तो उघडाच आहे. खिडकीच्या काचेवर चढलेली गोगलगाय आतून पाहा: पोटाचा सपाट तळ हाच पाय, आणि त्यावर शेपटीकडून डोक्याकडे सरकत जाणाऱ्या गडद पट्ट्या म्हणजे स्नायूंच्या लाटा. खाली चिकट स्रावाचा रस्ता. म्हणून तर प्राणिशास्त्रात या वर्गाला ‘उदरपाद’ म्हणतात.

लपलेलं असतं ते तोंडात. मऊ जिभेवर हजारो सूक्ष्म दातांची किसणी असते. म्हणीने अवयव चुकीचा पकडला, एवढंच!

दुसरा समज, बिनशंखाची गोगलगाय शंख टाकून आलेली असते. तसं नाही. ती जात वेगळी. शंखवाली अंड्यातून शंखासकटच बाहेर येते आणि तो तिच्याबरोबर वाढतो. काढून ठेवायची सोयच नाही.

तिसरा समज जास्त घातक: गोगलगाय दिसली की मीठ टाका. खरी पिकाची वैरी म्हणजे आफ्रिकन शंखी गोगलगाय. 1847 साली विल्यम बेन्सन यांनी ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणून सोडली. दिवसा दडायचं, रात्री चरायचं. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादेत तिने सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. तिच्यासाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधावर ठेवावीत आणि सकाळी, हातमोजे घालून, खाली जमलेल्या गोगलगायी वेचाव्यात. शेतात मीठ टाकलं तर जमीन बिघडते.

उलट सह्याद्रीतल्या धबधब्यांच्या ओल्या कातळांवर क्रेम्नोकॉन्कस नावाच्या इवल्या गोगलगायी शेवाळ खाऊन राहतात. त्यांचे नातलग समुद्रकाठच्या खडकांवर, पण ही जात जगात फक्त सह्याद्रीतच सापडते. पावसाळ्यात घाटात गेलात, तर कातळाला चिकटलेले हे शंख खरवडून काढू नका.