तारेचे माप, तबकडीचे माप

पुण्याच्या पश्चिमेस पाषाणची टेकडी ओलांडली, की सूस गाव लागते. मुळशी तालुक्यातील हे मूळचे शेतीवाडीचे गाव 2021 साली पुणे महानगरपालिकेत सामील झाले. टेकडीच्या अलीकडे, पाषाणला, ‘परम’ महासंगणक घडविणाऱ्या सी-डॅक या संस्थेचे कार्यालय आहे. उत्तरेस मुळा नदीपलीकडे हिंजवडीचे संगणक-उद्योग उभे आहेत. एके काळी अशा गावांत धान्य पायलीने मोजीत, आणि गिऱ्हाईक मात्र शेरांचा भाव विचारी. चार शेरांची एक पायली, हे कोष्टक ज्यास ठाऊक नसे त्याचे नुकसान ठरलेलेच. आज माहितीच्या व्यवहारातही अशीच दोन मापे शेजारी शेजारी नांदत आहेत. तारेचा वेग बिटांत सांगतात आणि तबकडीचा बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट होतो.

ही दोन मापे का पडली, ते पाहण्यासारखे आहे.

टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाचा आवाज अंकांत उतरवावयाचा, तर त्याचे माप सेकंदास 8000 वेळा घेतात. बोलणे समजण्यास लागणारी कंपने सेकंदाला 4000 च्या आत असतात, आणि त्यांच्या दुप्पट वेळा माप घेतले म्हणजे आवाज पुन्हा जुळविता येतो. प्रत्येक माप आठ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक अशा आठ खुणांत, लिहितात. तेव्हा एका संभाषणास सेकंदाला 64,000 बिट लागतात. अशा 32 वाटा एकत्र बांधल्या, की 20,48,000 बिटांची मोठी वाट होते. तिला ‘ई-वन’ म्हणतात. भारतात आणि युरोपात ही मोळी रूढ झाली. अमेरिकेने आपली मोळी 24 वाटांची बांधली. तारेतून या खुणा मुंग्यांच्या रांगेप्रमाणे एकामागून एक जातात. म्हणून तारवाल्यांनी एकेक खूणच मोजली.

संगणकाची तबकडी जोडणाऱ्या जुन्या पट्ट्यांची रीत निराळी होती. 1986 साली प्रमाणित झालेल्या ‘स्कझी’ या जोडणीत माहितीसाठी आठ तारा शेजारी शेजारी असत. कवायतीच्या मैदानावर मुले आठआठांच्या ओळीने पाऊल टाकतात, तसे आठ बिट एकदम पुढे सरकत. एका पावलाला एक बाइट. अशी पावले मोजणाऱ्याने बाइट हेच माप धरावे, यात नवल नाही. या जोडणीची कमाल मर्यादा सेकंदास 50 लाख बाइट होती.

आता तुलना करू. ई-वनचे 20,48,000 बिट भागिले आठ, म्हणजे 2,56,000 बाइट. स्कझीचे 50 लाख बाइट गुणिले आठ, म्हणजे चार कोटी बिट. या एका पट्टीतून येणारा ओघ वाहून नेण्यास साडेएकोणीस, म्हणजे प्रत्यक्षात वीस, ई-वन तारा लागतील. नुसते 20 लाख आणि 50 लाख हे आकडे पाहणाऱ्यास मात्र अडीचच तारा पुरेशा वाटतील!

ही चूक कागदावर राहत नाही. 1990 साली पुण्यात सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क सुरू झाले, आणि येथील तज्ज्ञांची कामे उपग्रहामार्गे परदेशी जाऊ लागली. त्या काळी 64,000 बिटांची वाट हीही मोठी चैन होती. समजा, 65 कोटी बाइटचे काम उद्या सकाळी पोचावयाचे आहे. आठाचा विसर पडलेला मनुष्य 65 कोटींस 64,000 ने भागील आणि पावणेतीन तासांचा हिशेब करून निश्चिंत होईल. खरा हिशेब 81,250 सेकंदांचा, म्हणजे साडेबावीस तासांचा आहे. रात्री काम सुरू केले, तर सकाळी निम्मेही पोचलेले नसणार.

तेवढाच मजकूर एका सीडीत मावतो. ती पिशवीत घालून पुण्याहून एस.टी.ने मुंबईस चार तासांत नेली, तर एस.टी.चा वेग सेकंदाला सुमारे 3,61,000 बिट होतो. त्या वाटेच्या पाचपटींहून अधिक. पिशवीत शंभर सीडी असल्या, तर सतरा ई-वन तारांनाही ती गाडी मागे टाकील. अर्थात पहिला बिट हाती येण्यास चार तास थांबावे लागेल, आणि फोनवर बोलणाऱ्यास ते परवडणार नाही.

जुन्या बाजारात कच्चा शेर आणि पक्का शेर असा भेद असे. तो येथेही आहे. तारवाल्यांचा किलो म्हणजे 1000. संगणकवाले पुष्कळदा 1024 धरतात, कारण एकाची दहा वेळा दुप्पट केली की तो आकडा येतो. म्हणून 650 मेगाबाइट अशी छाप असलेल्या सीडीत प्रत्यक्षात 68 कोटींहून अधिक बाइट मावतात.

शिवाय बारदानाचे वजन वजा करावे लागते. ई-वनच्या 32 वाटांपैकी एक ताल सांभाळण्यात जाते, एक बहुधा फोन जोडण्या-तोडण्याच्या निरोपांत. बोलण्यास उरतात तीस. 2003 च्या सुमारास आलेल्या ‘साटा’ या तबकडीच्या जोडणीने तर आठांची ओळ मोडून पुन्हा मुंग्यांची रांग धरली. तिचा वेग 150 कोटी बिट. आठाने भागले तर 18 कोटी 75 लाख बाइट यावेत. मिळतात 15 कोटी. कारण त्या तारेवर प्रत्येक बाइट दहा खुणांत गुंडाळून पाठवितात, आणि तेथे भागावयाचे ते दहाने.