डॉ. भाऊ दाजी: दवाखान्यातून सार्वजनिक जीवनात

कागलमध्ये बोलायचं म्हटलं की २६ जून १८७४ ही तारीख आठवतेच. त्या दिवशी कागलकर घाटग्यांच्या घराण्यात यशवंतराव जन्मले, म्हणजे पुढचे राजर्षी शाहू महाराज. त्याआधी सव्वीस दिवस, ३१ मे १८७४ रोजी, मुंबईत एक डॉक्टर वारले. आजचं व्याख्यान त्यांच्यावर आहे. रामकृष्ण विठ्ठल लाड, अर्थात डॉ. भाऊ दाजी.

जन्म १८२२ चा, गोव्यातल्या पेडण्याकडचा. शिक्षण मुंबईत, एल्फिन्स्टनमध्ये. डॉक्टर होण्याआधीच त्यांनी काठेवाड-कच्छमधल्या बालकन्याहत्येवर निबंध लिहिला आणि ६०० रुपयांचं बक्षीस मिळवलं. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं. तिथून १८५१ साली जी पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात भाऊ होते. पुढे भाऊ नारायण दाजींच्या साथीनं गरिबांना फुकट औषध देणं सुरू झालं.

आता प्रश्न असा, की असा माणूस राजकारणात कशाला पडला? त्या काळी निवडणूक नव्हती, मत नव्हतं. राजकारण म्हणजे अर्ज करणं. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. तिच्यात जगन्नाथ शंकरशेट होते, नौरोजी फर्दुनजी होते आणि चिटणीस म्हणून भाऊ दाजी. कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण तोंडावर होतं, म्हणून संस्थेनं थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. एतद्देशीयांना कारभारात जागा द्या, ही त्यातली एक मागणी. रोग्याची तक्रार ऐकून घ्यायची सवय इथे उपयोगी पडली, असं मला वाटतं.

खरी कसोटी लागली १८६२ मध्ये, महाराज लायबल खटल्यात. पत्रकार करसनदास मुळजींनी वल्लभ संप्रदायातल्या महाराजांच्या अनाचारावर लिहिलं, आणि जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर दावा लावला. भाऊ साक्षीला उभे राहिले. साक्षीत महाराजांच्या गुप्तरोगाचा विषय आला. आता बघा, रोग्याचं गुपित राखायचं हा डॉक्टरचा धर्म. पण गप्प राहिलं तर भाबड्या भक्तांचं नुकसान, आणि खरं लिहिणाऱ्यालाच शिक्षा. भाऊ बोलले. करसनदास जिंकले.

त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरचं वेड लागलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि बाजार कोसळला. त्यात भाऊंचाही मोठा पैसा बुडाला. तरी १८६९ आणि १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. हे पद मानाचं, सत्तेचं नव्हे.

भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ पासून त्यांचं नाव आहे. तिथे गेलात तर जुन्या वस्तू जरूर बघा. पण त्या साक्षीचाही विचार करा. डॉक्टरनं कधी गप्प राहायचं आणि कधी बोलायचं, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. तुम्ही त्यांच्या जागी असता, तर काय केलं असतं?