पाटीवर आधी कोणाचे गाव?

दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी एका रेल्वे कंपनीची स्थापना झाली. भांडवल म्हणाल तर एक इंजीन, सहा डबे आणि जेवणाच्या टेबलावर मावेल एवढा रूळ. भागधारक दोन. एक माझा नातू, वय वर्षे अकरा. दुसरी जालन्याच्या माझ्या धाकट्या भावाची नात, त्याच्याहून वर्षाने मोठी. पुण्याला एका लग्नाच्या निमित्ताने दोघे एकत्र आले, कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ साली उघडलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहिले आणि तिथून हे वेड घरी आले.

योजना अशी, की रूळ दोन घरी, पण कंपनी एक. आमच्या टेबलावर आमचे शहर, तिच्या टेबलावर जालना. डबे मात्र दोघांच्या मालकीचे. सुटीला कोणी इकडून तिकडे गेले की पिशवीतून जातील. आता सामाईक डब्यांवर नाव कोणते रंगवायचे?

“आजोबा, तुम्ही बँकेत होतात. कंपनीचे नाव कसे ठरवतात?”

बँकेत मी कर्जाच्या फायली पाहिल्या. ‘अमुक ब्रदर्स’ नावाच्या पेढ्या किती आल्या आणि किती मोडल्या, याचा हिशेब नाही. भाऊ वेगळे झाले की मालाची वाटणी एका दुपारी होते. पाटी कोणी न्यायची यावर मात्र वर्षे जातात. हे मुलांना सांगितले नाही. आम्हा दोघा भावांत वडिलांचे घर विकल्यापासून जे झाले, ते त्यांना थोडेफार ठाऊक असावे. लग्नकार्यात भेटायचे, ‘बरं चाललंय ना’ म्हणायचे, जेवून निघायचे. सहा वर्षे झाली त्याला.

म्हणून मी जुन्या कंपन्यांची नावे सांगायला घेतली. आपल्या भागातली सर्वांत मासलेवाईक पाटी म्हणजे ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’. नावातच गॅरंटी! १८८३ साली ही कंपनी निघाली तेव्हा भांडवल घालणाऱ्यांना दरसाल पाच टक्क्यांची हमी निजाम सरकारने दिली होती. नफा होवो न होवो, व्याज ठरलेले. तशीच हमी ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ कंपनीलाही होती, पण तिने ती करारात ठेवली आणि पाटीवर अख्खे द्वीपकल्प लिहिले. वास्तविक १८५३ साली तिची पहिली गाडी बोरीबंदरहून निघून ठाण्याला थांबली होती! जामीनदाराला पाटीवर बसवण्याचा प्रामाणिकपणा निजामाच्या कंपनीचा. माझ्यातला जुना बँकवाला तिला उठून नमस्कार करतो.

नातवाला हे फारसे पटले नाही. त्याने वहीत लिहूनच टाकले, ‘संभाजीनगर–जालना रेल्वे’. (माझ्या तोंडून अजून शहराचे जुने नाव निघते. २०२३ साली नाव बदलले, हे तो मला रोज एकदा सांगतो.) फोनवरून जालन्याचा सवाल आला, “जालना आधी का नाही?”

प्रश्न बिनतोड होता. ‘बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया’मध्येही मुंबई आधी, बडोदे नंतर. अमेरिकेतल्या जॉन अॅलन नावाच्या हौशी माणसाने घरातल्या आपल्या छोट्या रेल्वेला ‘गोर अँड डॅफेटिड’ असे दोन खोट्या गावांचे नाव ठेवले होते. भराभर उच्चारले की इंग्रजीत ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असे ऐकू येते. आमची दोन गावांची कंपनी त्याच वाटेने चालली होती. दोन दिवस फोन बंद.

तिसऱ्या दिवशी मला आमच्या लहानपणची गाडी आठवली. वडील आम्हा दोघांना रविवारी स्टेशनवर न्यायचे. तेव्हा मीटरगेज होती. ब्रॉडगेज आली १९९० नंतरच्या दशकात. मनमाडपासून हैदराबादपर्यंतचा तो मार्ग १९०० च्या सुमारास झाला, आणि तो बांधणाऱ्या कंपनीचे नाव होते ‘हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे’. वाटेत औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, पण एकाचेही नाव पाटीवर नाही. हैदराबाद राजधानी, तिला वगळणार कोण? बाकी सगळ्यांना नदीच्या पोटात घातले.

मी ‘गोदा’ सुचवले. नातवाने आद्याक्षरे काढली : गोदा रेल्वे, म्हणजे गो.रे. “झालं,” सौ. म्हणाली, “पुन्हा गोऱ्यांचीच कंपनी!” शिवाय नातीची नवी हरकत, की जालना गोदावरीकाठी नाहीच, तिथे कुंडलिका आहे.

त्या संध्याकाळी फोन आला तो नातीचा नव्हता. “दादा,” पलीकडून भाऊ म्हणाला, “कुंडलिका दुधनेला मिळते. दुधना पूर्णेला. पूर्णा कुठे जाते?”

“गोदावरीला.”

“आणि तुमची खाम?”

“तीही गोदावरीलाच.”

“मग काठ कशाला? खोरे म्हण. खोऱ्यात दोघेही बसतो.”

नाव ठरले, गोदा खोरे रेल्वे.

पुढच्या रविवारी तो स्वतः डबे घेऊन आला. स्टीलच्या डब्यात, जुन्या धोतराच्या घड्यांत गुंडाळलेले. रुळाची रुंदी साडेसोळा मिलिमीटर. मी सवयीने ८७ ने गुणून पाहिले : १४३५. आपली ब्रॉडगेज १६७६, मीटरगेज १०००. म्हणजे आमची कंपनी धड ही नाही, धड ती नाही. भाऊ म्हणाला, “चालू दे, कोण मोजायला येतंय.”

जेवणानंतर रंगकाम निघाले. मुलांचे हात हलतात म्हणून बारीक कुंचला माझ्याकडे आला आणि डबा धरून बसायचे काम त्याच्याकडे. ‘गोदा’ निघाले. पुढचे अक्षर घेताना तो चष्मा वर करून अगदी जवळ झुकला.

“ख नीट जोडून काढ. नाहीतर लोक ‘रवोरे’ वाचतील.”

“तू डबा हलवू नकोस.”

“मी नाही हलवत. तुझाच हात हलतोय, दादा.”