कपाटातला जुना रोल आणि घरची डार्करूम



नावामागे ‘डॉक्टर’ लागलं की माणसाकडे काय काय येतं! आमची डॉक्टरेट रसायनशास्त्रातली, हे कितीदा सांगितलं तरी मंडळाच्या कार्यक्रमांत कोणी गुडघेदुखी सांगतं, कोणी रिपोर्ट दाखवतं. गेली दोन-तीन वर्षं मात्र आमच्या हातात वेगळीच वस्तू येऊ लागली आहे, ती म्हणजे न धुतलेला फोटोचा रोल. भारतातलं घर रिकामं करायला गेलेली मंडळी ट्रंकेतून, देव्हाऱ्याखालच्या खणातून तो काढतात, इथे घेऊन येतात आणि म्हणतात, “तुम्ही केमिस्ट ना, मग बघा ना यात काय आहे ते.”

काय आहे ते बघता येतं. घरच्या बाथरूममध्येही बघता येतं. पण संधी एकदाच मिळते. म्हणून आमचं सगळ्यांना एकच सांगणं असतं: आजोबांचा रोल फ्रिजमध्ये ठेवा, आधी तीन नवे रोल स्वतः काढा, स्वतः धुवा आणि मगच त्याला हात लावा. हा लेख त्या तीन रोलांसाठी आहे.

पहिला प्रश्न, फिल्म कोणती घ्यायची? शिकणाऱ्याने ४०० स्पीडची, जुन्या वळणाची कृष्णधवल फिल्म घ्यावी. इलफर्डची एचपी-५ प्लस किंवा कोडॅकची ट्राय-एक्स. ट्राय-एक्स ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये १९५४ सालापासून मिळते आहे आणि आजही टिकून आहे, याचं कारण ती चुका पोटात घालते. प्रकाश थोडा कमी-जास्त झाला, पाणी एखाद्या अंशाने गरम झालं, तरी चित्र हाती लागतं. टी-मॅक्स आणि डेल्टा या फिल्मांचे कण चपटे असतात, चित्र फार बारीक येतं, पण वेळ आणि तापमानाच्या बाबतीत त्या सोवळ्यातल्या आहेत. त्या नंतर. उन्हाळी पिकनिकला भर उन्हात फोटो काढायचे असतील तर १२५ स्पीडची एफपी-४ प्लस सुंदर आहे. गणपतीत शाळेच्या जिममधल्या पिवळट दिव्यांत मात्र ती उपयोगाची नाही. तिथे एचपी-५ कॅमेऱ्यावर १६०० लावून वापरावी आणि धुताना वेळ वाढवावा.

दुकानात एक्सपी-२ नावाचीही फिल्म दिसेल. चित्र काळं-पांढरं येतं, पण तिची धुलाई रंगीत फिल्मच्या सी-४१ रसायनांत होते. घरी कृष्णधवल धुणाऱ्याने ती घेऊ नये.

आता थोडं रसायनशास्त्र. एवढी सवलत आम्हाला द्यावी. फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म कण असतात, त्यात थोडं आयोडाइड. शटर उघडतं तेव्हा ज्या कणावर प्रकाश पडतो त्यात चांदीचे अगदी मोजके, चार-पाच अणू सुटे होतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण खूण झालेली असते. डेव्हलपर ही खूण ओळखतो आणि तेवढ्याच कणाची पूर्ण चांदी करतो. आजोबांच्या रोलमध्ये चाळीस वर्षं वाट बघत असतात ते हे चार-पाच अणू. उष्णता आणि दमट हवा त्यांच्यावर उठलेली असते, आणि ज्या कणांवर प्रकाश पडलाच नाही त्यांच्यावरही ती खोट्या खुणा करत असते. म्हणून जुन्या रोलवर करडं धुकं येतं.

आमचा आवडता डेव्हलपर म्हणजे कोडॅकचा डी-७६. हा १९२७ सालचा. इलफर्डचा आयडी-११ हा त्याचाच जुळा भाऊ. एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम, झालं. यातली गंमत मेटॉल आणि हायड्रोक्विनोनच्या जोडीत आहे. आपल्या पंगतीत एक वाढपी पातेलं घेऊन फिरतो आणि मागे उभा असलेला माणूस ते पातेलं पुन्हा भरून देतो, तसं मेटॉल चांदी घडवतं आणि हायड्रोक्विनोन त्याला पुन्हा कामाला लावतं. दोघं मिळून जेवढं काम करतात तेवढं एकेकटे करूच शकत नाहीत. पावडर तयार मिळते, तराजू घेऊन बसण्याची गरज नाही. मेटॉलने काहींच्या हातांवर पुरळ उठतं, म्हणून हातमोजे घालावेत. डेव्हलपरचं भांडं, मापाचा पेला आणि ढवळायचा चमचा कायमचे वेगळे ठेवावेत. घासून पुन्हा आमटीला वापरू नयेत, हे केमिस्ट म्हणून बजावतो.

खरी कसोटी लागते ती रीळ भरताना. हे काम पूर्ण अंधारात करायचं असतं, लाल दिवाही चालत नाही. खिडकी नसलेलं बाथरूम रात्री चालतं, दाराखाली टॉवेल खुपसावा. नाहीतर चेंजिंग बॅग घ्यावी. एक स्वस्तातला रोल वाया घालवा आणि त्यावर हात बसवा: आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग अंधारात. मोदकाच्या कळ्या पाडण्यासारखंच हे आहे, सांगून येत नाही, बोटांना समजावं लागतं. प्लॅस्टिकचं रीळ जराही ओलं असेल तर फिल्म अडकते, तेव्हा आदल्या दिवशीच सुकवून ठेवा. फिल्म टँकमध्ये गेली आणि झाकण लागलं की दिवा लावा. पुढचं सगळं स्वयंपाकघराच्या सिंकपाशी उजेडात होतं.

एचपी-५ ला आयडी-११ पाणी न मिसळता वापरला तर २० अंश सेल्सिअसला, म्हणजे ६८ फॅरनहाइटला, साडेसात मिनिटं. कॅमेऱ्यावर १६०० लावलं असेल तर चौदा. ३५ मिलिमीटरच्या एका रोलला साधारण ३०० मिलिलिटर पुरतं. पहिल्या दहा सेकंदांत टँक चारदा उलटासुलटा करायचा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला पुन्हा चारदा. हळुवार, ताक घुसळल्यासारखं नाही. दरवेळी टँक ओट्यावर एकदा आपटावा म्हणजे बुडबुडे सुटतात. तापमान सांभाळा. इथल्या हिवाळ्यात नळाचं पाणी बर्फासारखं येतं, गरम पाणी मिसळून थर्मामीटरवर बघावं, हाताच्या अंदाजावर जाऊ नये.

मग स्टॉप बाथ. घरातलं साधं पांढरं व्हिनिगर एकास चार पाणी घालून चालतं. त्यानंतर फिक्सर, म्हणजे आपल्याकडचे स्टुडिओवाले ज्याला ‘हायपो’ म्हणायचे ते. तो उरलेलं सिल्व्हर ब्रोमाइड विरघळवून काढतो. हा गुण जॉन हर्शेलने १८१९ साली नोंदवला, फोटोग्राफी जन्मण्याच्याही आधी. फिक्सर जिवंत आहे की नाही हे आधी बघायचं असेल तर रोल भरताना कापलेला फिल्मचा तुकडा त्यात टाका. तो जितक्या वेळात पारदर्शक होईल त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या. रोल बाहेर काढल्यावर दुधट दिसला तर घाबरू नका, तो परत फिक्सरमध्ये घाला.

धुण्यासाठी तासभर नळ सोडून ठेवायची गरज नाही. टँकमध्ये पाणी भरून पाचदा उलटसुलट करा आणि ओता, मग नवं पाणी भरून दहादा, मग वीसदा. शेवटच्या पाण्यात फोटो-फ्लोचा एखादा थेंब टाकावा, म्हणजे डाग पडत नाहीत. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. तो सिंकमध्ये ओतू नका, ज्यांच्या घरी सेप्टिक टँक आहे त्यांनी तर मुळीच नाही. बाटलीत साठवा आणि काउंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवशी नेऊन द्या.

मुलांना गोडी लावायची असेल तर इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी यांच्या मिश्रणातही फिल्म धुता येते. रॉचेस्टरच्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९९५ साली एका वर्गाने कॉफीची ही करामत केली. मुलं खूश होतात. वास मात्र असा येतो की दोन दिवस घरात कॉफी प्यावीशी वाटत नाही. जुन्या रोलवर हा प्रयोग नको.

आता तो जुना रोल. आधी नाव वाचा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’, पूर्व जर्मनीचा ‘ऑर्वो’, इलफर्ड यांचे काळे-पांढरे रोल असतील तर घरी जमेल. धुकं कमी ठेवणारा डेव्हलपर, म्हणजे एचसी-११०, वापरावा. सी-४१ लिहिलेला रंगीत रोल फार जुना असेल तर त्यातले रंग बहुधा गेलेलेच असतात, पण कृष्णधवल रसायनांत त्यातून चित्र निघू शकतं. कोडॅक्रोमची धुलाई जगातून २०११ च्या सुरुवातीला बंद झाली. त्यातूनही काळं-पांढरं चित्र काढणारे आहेत, पण त्याच्या पाठीवर काजळीचा थर असतो, ते काम जाणकारांकडेच द्या.

रोल अजून भारतात असेल तर तो चेक-इन सामानात घालू नका. विमानतळावर हातातल्या बॅगांचीही आता सीटी स्कॅनरने तपासणी होऊ लागली आहे, आणि त्याने फिल्म धुरकटते. पारदर्शक पिशवीत ठेवून हाताने तपासायची विनंती करा. इथले अधिकारी ऐकतात, तिकडे थोडा आग्रह धरावा लागतो.

मंडळातल्या एका काकूंनी नाशिकच्या वाड्यातून क्लिक थ्री कॅमेरा आणला होता, आत रोल तसाच. सासऱ्यांचा. तीन नव्या रोलांची अट ऐकून काकू आमच्यावर चिडल्या, “माझं वय बघा आणि अटी बघा,” म्हणाल्या. पण महिन्याभरात तिन्ही रोल धुऊन दाखवले. मग त्यांचा रोल त्यांनीच रिळावर चढवला, आम्ही फक्त घड्याळ बघत होतो. बारापैकी सात काचेसारखे कोरे. पाचांत काहीतरी होतं: विहिरीचा रहाट, एक सायकल, आणि दोनांत पाठमोरी बाई, धुणं वाळत घालणारी. काकूंनी निगेटिव्ह दिव्यासमोर धरून बराच वेळ बघितली. “या आमच्या सासूबाई. यांचा फोटोच नव्हता घरात,” एवढंच बोलल्या. चेहरा एकातही नाही.

आमच्याकडे दोन टँक, एक चेंजिंग बॅग आणि थर्मामीटर आहे. संक्रांतीच्या कार्यक्रमाला घेऊन येतो, हवं त्याने वहीत नाव लिहून न्यावं. बॅग न धुता परत केली तरी चालेल, थर्मामीटर मात्र फोडू नका.